वाटपाची आत्या आणि मेक्सिकोचा सण

ज्या बाईला गावच्या एकाही लग्नात चुलीच्या आसपास फिरकू दिलं नाही, तिच्या हातचं वाटप शिकायला मुंबई-पुण्याची माणसं पैसे भरून आली, तर जात गेली असं तुम्ही म्हणाल का? मी म्हणत नाही. ते पाच दिवस मी जवळून पाहिले आहेत.

आमची सगळी बौद्धवाडी तिला वाटपाची आत्या म्हणायची. वाटप म्हणजे ओल्या खोबऱ्याचं, मिरचीचं वाटण; आमच्या पूर्णगडच्या बाजूला हाच शब्द. मुलाने मुंबईहून आणलेला मिक्सर तिच्या घरात होता, पण तो खोक्यातच राहिला. "मिक्सर वाटत नाय, फाडतो," ती म्हणायची. वाटप झालं की नाही हे ती चाखून ठरवत नसे. बोटभर वाटप मनगटाला लावायची आणि हात उभा धरायची. घसरलं, की "अजून दहा हात." शेजारच्या सुना घाई करू लागल्या की हसायची, "पाट्याशी भांडू नको गो. तो दगड हाय. थकशील तूच."

खाडीकाठी होमस्टे चालवणाऱ्या एका बाईंनी मेक्सिकोच्या सणाच्या स्वयंपाकाची पाच दिवसांची सहल ठेवली. शिकवायला रोसा नावाची मेक्सिकन बाई होती. तिच्या गावातही मसाला दगडावर वाटतात, म्हणून तिला पाटा हवा होता. आत्याला बोलावणं आलं ते त्यामुळे, आणि दोघींमध्ये दुभाषी म्हणून मला.

पहिल्या दिवशी मोले नावाचं काळपट कालवण होतं. सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे भाजून वाटायचे आणि शेवटी त्यात चॉकलेट. आत्याचा वरवंटा थांबला. "हिला सांग बाय, हे पोरांच्या हातावर ठेवायचं असतं. कालवणात कसलं घालतेय मेली!" मी सांगितलं. रोसा हसत सुटली आणि तिने चॉकलेटचा एक तुकडा आत्याच्याच हातावर ठेवला. आत्याने तो वाटला, थोडं मनगटाला लावून हात उभा धरला. रोसानेही आपलं मनगट पुढे केलं. मग त्या दोघींना माझी फारशी गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी रोसा मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवू लागली, तेव्हा आत्या मला हळूच म्हणाली, "हे तर आपलं पातोळं. गूळ तेवढा विसरली."

मालकीणबाई मात्र पाहुण्यांना सांगत होत्या, "या आमच्या कोकणी आजी. यांच्या घराण्यात मेजवान्यांची मोठी परंपरा आहे." मी तोंड उघडणार होते, पण आत्याच बोलली. "आमच्या घराण्यात वाटायला खोबरं नव्हतं, बाय. पाटा तेवढा होता." पाहुण्यांना तो विनोद वाटला. ते हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

शेवटच्या दुपारी रोसाने टेबलावर गोंड्याची फुलं मांडली. तिच्याकडे या सणाला मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा, त्याच्या आवडीचा पदार्थ ठेवायचा आणि त्याच्याबद्दल चार शब्द सांगायचे. कुणी आजोबांबद्दल बोललं, कुणी मैत्रिणीबद्दल. मग आत्या उठली. तिने पदराआडून एक ओळखपत्र काढलं. तिचा मुलगा दिनेश दोन वर्षांपूर्वी मुंबईत बांधकामावरून पडून गेला होता. त्याचा फोटो असलेला हा तिथला गेटपास होता. त्याच्यापुढे तिने तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा ठेवला.

माझ्या घरी जेवणाच्या खोलीत चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांआधी पाठ झाल्या. श्राद्ध करणार नाही, ही त्यांतलीच एक. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्या, हे श्राद्धच आहे. आपण सोडलंय ना हे? उचल ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हय, सोडलंय," म्हणाली आणि ओळखपत्र परत पदराआड गेलं. ताटही उचललं. पुढच्या माणसाची पाळी आली.

घरी जाताना चढणीवर ती म्हणाली, "मी त्याला जेवायला नाय घातलं गो. मेलेलं माणूस जेवत नाय, हे मला तुझ्या पत्रकाने शिकवायला नको. माझ्या सासऱ्यांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा तुझा बाप रांगत होता."

"मग कशाला ठेवलंस?"

"तिथे सगळ्यांना विचारत होते, हा कोण, कसा होता. दोन वर्षं झाली, वाडीत माझ्यासमोर त्याचं कुणी नाव घेत नाय. मला वाईट वाटेल म्हणून. मला सांगायचं होतं गो. बस."

त्या वेळी मी विचारायला हवं होतं, कसा होता दिनेश? मी विचारलं नाही. एका सवलतीतून जुनी रूढी कशी परत घरात शिरते, हे मी तिला तिच्या दारापर्यंत समजावत राहिले. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. दारात ती म्हणाली, "दमलीस. पाणी पी." मी न पिता गेले.

शिमग्याआधी तिला ताप आला, आणि रत्नागिरीच्या दवाखान्यातून ती परत आली नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत बोलायला मला उभं केलं. तिच्या कष्टांवर मी बोलले, चुलीपासून लांब ठेवणाऱ्या गावावर बोलले, दुसरी सभा असती तर लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. मग दिनेशवर आले आणि थांबले. नाव, वय, कुठून पडला. एवढंच मला माहीत होतं. त्याला बांगडा आवडायचा हेसुद्धा मला त्या ताटावरून कळलेलं. बाकी जे होतं ते सांगणारं एकच माणूस होतं.

तुमच्या शेजारी अशी एखादी बाई असेल. तिला वाईट वाटेल म्हणून तुम्हीही ते नाव टाळत असाल. हे वाचून झालं की उठा, तिच्याकडे जा, नाव घेऊन विचारा, तो कसा होता. आणि ती सांगत असेल तोवर तिची एकही चूक दुरुस्त करू नका.