चौकीवर बसलेली पंचायत

आमच्या गावात पहिल्यांदा ग्रामपंचायत निवडून आली तेव्हा बायकांसाठी राखलेल्या जागेवर मला बसवलं. मी सातवी पास, नवरा मुंबईला गिरणीत, आणि तोंड लहानपणापासून तिखट. बाईमाणूस सहीपुरतं येईल, अशी सरपंचांची समजूत होती. बिचारे फार भले होते, म्हणूनच त्यांचे असे गैरसमज होत.

पंचायतीपुढे पहिलं अवघड काम आलं ते चौकीवरच्या हवालदाराचं. हा घाटावरचा, एकटा राहणारा, कमी बोलणारा. देवळातली पितळी समई चोरीला गेली. आदल्या संध्याकाळी आमच्या वाडीतला रापणीचा तांडेल देवळाच्या पायरीवर बसलेला कुणीतरी पाहिला होता. तेवढ्यावरून हवालदारानं त्याला सकाळ-संध्याकाळ चौकीवर हजेरी लावली.

रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावरून ओढतात. ओढायला पंचवीस-तीस माणसं लागतात, पण पाण्याचा रंग बघून मासा कुठे आलाय ते तांडेलच सांगतो. ते बघायच्या वेळाही सकाळ-संध्याकाळच्याच. आठ दिवस तांडेल चौकीत उभा आणि रापण रिकामी. माणसं दुसरा तांडेल नेमायचं बोलू लागली. त्याची बायको माझ्या दारच्या खळ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "बाये, तांडेलपण गेला तर तो जगूचो नाय." मला रात्रभर झोप आली नाही.

पंचायतीनं हवालदाराला बैठकीला बोलावलं आणि तिथेच आम्ही फसलो. दारी आलेल्या माणसाला कोरडं बसवणं आम्हा लोकांना जमत नाही. सरपंचांच्या घरून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं आलं. हवालदार पोटभर जेवला, "बरं आहे" म्हणाला आणि गेला. तांडेलाचं नाव कुणी काढलंच नाही.

"जेवत्या माणसाक जाब कसो इचारूचो?" सरपंच म्हणाले.

"मगे जेवल्यावर इचारूचो!" मी म्हटलं.

"आपलाच अन्न खाल्लेल्याक?"

पुढच्या बैठकीला तांदळाच्या शेवयांसारखे शिरवाळे आणि नारळाचा गोड रस झाला. तिसऱ्या बैठकीला हवालदार वेळेआधी येऊन बसला. तो गेल्यावर मी भडकले. "त्येका हंय बोलवू नकात. आपणच थंय जावया. थंय आपण पावणे!" सरपंचांनी डोकं खाजवलं. मग हळूच हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांडेलाबरोबर आम्ही सातही पंच चौकीवर गेलो. बसायला एकच बाक, म्हणून सगळे जमिनीवर बसलो आणि तांडेलालाही शेजारी बसवलं. हवालदार चक्रावला. म्हणाला, "पंचायतीचा पोलिसांवर अधिकार चालत नाही."

खरंच चालत नव्हता. पंचायतीला आलेलं कायद्याचं पुस्तक मी वाचलं होतं. त्यात विहिरी होत्या, दिवाबत्ती होती, कोंडवाडा होता, पण हवालदाराला जाब विचारायची सोय कुठेच नव्हती. मी माझी कचेरीतली मराठी काढली. "अधिकार नाही, हवालदारसाहेब. पण यांनी आम्हाला मतं दिलीत. यांच्यावर संशय कशावरून तेवढं सांगा, आम्ही घरी जातो."

सांगण्यासारखं असतं तर त्यानं सांगितलं असतं. त्यानं चहा मागवला. सरपंचांनी हात जोडले.

"नको, साहेब. तुमची चाय घेतली तर मगे आमका इचारूक येवचा नाय."

त्या क्षणी म्हातारे सरपंच मला सख्ख्या बापासारखे वाटले.

पुढे पाच दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ जात राहिलो. सरपंच काथ्या घेऊन यायचे आणि सुंभ वळत बसायचे. मी सुपात तांदूळ निवडायचे. कुणी भांडलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. आल्यावर एकदा विचारायचं, "संशय कशावरून?" आणि बसायचं. जाता-येता लोक दारात थांबून बघायचे. हवालदार वहीत डोकं घालून लिहीत राहायचा, काय लिहीत होता देव जाणे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी त्यानं वही उघडली आणि तांडेलाच्या नावावर रेघ मारली. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाला. तांडेल उठला तो थेट किनाऱ्याकडे पळाला. बाकीचे हसत, एकमेकांच्या पाठी थोपटत बाहेर पडले. समई काही सापडली नाही, पुढेही कधी सापडली नाही.

मी मागे राहून तांदूळ गोळा करत होते. मनात म्हटलं, जिरली याची. तेवढ्यात तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, आमच्या गावी माझ्या वडलांना हजेरी होती. तीन वर्षं."

सूप उचलून निघालेली मी तिथेच थांबले.

"त्यांच्याशेजारी कुणी येऊन बसलं नाही," तो म्हणाला.

बाहेरून सरपंच मला हाक मारत होते. मी सूप पुन्हा खाली ठेवलं आणि बसले.