पुंगळीच्या बुडावरची खूण

पोलिसातून निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस विसरलो. साउथहॅम्प्टनजवळच्या शूटिंग क्लबमधली ही एक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

हॉस्पिटलात भूल देणारे एक डॉक्टर, मूळचे पुण्याचे. रेंजवर त्यांच्या हातातच रायफल फुटली आणि उजवा डोळा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा स्टेशनला फोन आला. काडतुसं एका मित्राने भरून दिली होती आणि हल्ली दोघांत अबोला होता, असं त्यांचं म्हणणं. वॉर्डमध्ये डॉक्टरांनीही तोच जबाब दिला.

रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू भरून काडतूस घरी तयार करणं परवानाधारकाला कायद्याने चालतं. दारू जास्त झाली, तर आतला दाब रायफलला पेलत नाही. हे मुद्दाम केलं होतं का, एवढाच प्रश्न होता.

मित्र कॉव्हेंट्रीत जन्मलेला मराठी माणूस, बसगाड्यांचा इंजिनिअर. चौकशीत प्रत्येक प्रश्नाला ‘नो कमेंट’. खोटं बोलणारा माणूस सहसा काहीतरी सांगत सुटतो. हा नुसता पाय हलवत बसला होता. मला ते खटकत राहिलं.

मग डॉक्टरांच्या गॅरेजची झडती घेतली. काडतुसं भरायचं यंत्र तिथेच होतं. फुटलेल्या काडतुसातल्याच जातीची दारू त्यांच्या कपाटात निघाली. मित्राकडे ती नव्हतीच. डब्यात त्यांनी झाडलेल्या पुंगळ्या होत्या. आमच्या तज्ज्ञाने त्या दिव्याखाली मांडल्या. काहींच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी कडेला गोलसर होती, म्हणजे दाब बेताचा. काहींची दाबाने चपटी होऊन खाचेत पसरली होती. उरलेल्यांच्या पितळेवर बोल्टचा, म्हणजे पुंगळीला मागून अडवणाऱ्या दांड्याचा, चकचकीत ठसा उठला होता, म्हणजे दाब आणखी जास्त. डॉक्टर स्वतःच दारू वाढवत गेले होते आणि प्रत्येक खूण त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

हे सांगितल्यावर मित्र पहिल्यांदा बोलला, तेही मराठीत; मीही मराठीच, हे त्याला ठाऊक होतं. शेजारी बसलेला त्याचा वकील चमकून बघू लागला.

“त्या मॉर्निंगला मी बाजूलाच होतो. त्याचा बोल्ट स्टक होत होता. हाताने ठोकून उघडत होता. मी एकदा बोललो, स्टॉप कर. तो म्हणाला, तुझा काम बघ. रेंजवर कोणीपण फायरिंग थांबवू शकतो. मी नाही थांबवला. आमचा भांडण होता ना.”

डॉक्टरांपुढे पुंगळ्यांचे फोटो ठेवले, तेव्हा त्यांनी ते डाव्या डोळ्याजवळ धरून एकेक करून पाहिले.

“पेशंटचं प्रेशर जरा वर गेलं तरी मी सर्जनला थांबवतो,” ते म्हणाले. “इथे म्हटलं, अजून थोडं चालेल. डोळा गेल्यावर ते कबूल करवेना, म्हणून त्याचं नाव घेतलं.”

डॉक्टरांचा बंदुकीचा परवाना रद्द झाला, खोट्या जबाबाबद्दल ताकीद मिळाली. मित्रावर गुन्हा नव्हताच. सही करून निघताना त्याने विचारलं, “तुम्ही असता, तर सेकंड टाइम बोलला असता?”

मी लगेच ‘हो’ म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं.

गप्प बसणारा माणूस गुन्हाच लपवत असतो असं नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र मला अजून ठाऊक नाही.