पट्ट्यांची खोली

औषधशास्त्र शिकवणारी बाई स्वतःच्याच माहेरी नापास झाली, हे अमरावतीच्या कॉलेजात मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार कोणत्या तोंडानं?

मोर्शीच्या आमच्या बागेत संत्री तोडताना दादा शिडीवरून पडला. पाठीच्या दुखण्यासाठी दिलेल्या अफूच्या जातीच्या गोळ्या दुखणं थांबलं तरी सुटेनात. शेवटी वहिनीनं आणि मी त्याला अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तो सुधारला, घरी येणार म्हटल्यावर मी हौसेनं आदल्या दिवशीच मोर्शी गाठलं. त्याची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं आणि खाट होती तिथंच, कोनाड्याजवळ लावली. माणूस घरी परतला की त्याची जागा त्याला जशीच्या तशी द्यायची, नाहीतर त्याला परकं केल्यासारखं होतं, ही आमच्याकडची रीत. तो आला तेव्हा दारात भाकरतुकडाही मीच ओवाळून टाकला.

आता माझी विद्या ऐका. प्रयोगशाळेत आमची दोन खणांची पेटी आहे. एका खणाच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या, दुसऱ्याच्या साध्या. उंदराला पट्ट्यांच्या खणात मॉर्फिन देत गेलं, की मेंदूत सुख देणाऱ्या डोपामाइनवरचा लगाम सैल होतो आणि ते सुख त्या जागेला चिकटतं. पुढे औषध बंद केलं, तरी पेटीत सोडलेला उंदीर पट्ट्यांकडेच जातो. हे मी झोपेतसुद्धा शिकवू शकते.

दादा खाटेवर टेकला. बागेची चौकशी करता करता त्याचा हात मागे कोनाड्यात गेला आणि चाचपू लागला. गोळ्या तो तिथंच ठेवायचा. माझा पारा चढला.

"अजून पोट भरलं नाई का तुयं? मन म्हनून काई हाये का नाई?"

त्यानं हात ओढून घेतला. बराच वेळ त्या हाताकडेच पाहत राहिला.

"मले नाई पायजे वं. हातच गेला." मग मान वर न करता म्हणाला, "तुया उंदरालेबी असंच बोलतं का?"

उंदरांना मी कधी एक शब्द बोललेले नाही. माझे कान तापले, वहिनीकडे बघवेना. ओरडल्याची लाज होतीच, पण त्याहून जास्त त्या ऊन दाखवलेल्या गादीची वाटली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "या खोलीत तू राहू नको."

 दादानं गादी गुंडाळून काखेत मारली आणि जन्मल्या घरात पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला.

"मंग झोपू कुठी, बाई?"