फ्रिजला हळद, खिडकीला कुंकू

माझी नात सहा वर्षांची. जन्म नेदरलँड्सचा, बाप तिकडचाच, त्यामुळे पोरगी फक्त डच बोलते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "हॅलो ओपा" म्हणायची, ओपा म्हणजे आजोबा, आणि धूम ठोकायची. मी आपला लालबागच्या खोलीत मोबाईल धरून तिच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत बसायचो. लेक म्हणायची, "शिकेल हो बाबा ती मराठी, हळूहळू." हळूहळू? माझं वय काय, हिचं हळूहळू काय! गणपतीला ती सगळी येणार होती. म्हटलं, तोवर आपणच डच शिकू. नातीने आपल्याशी दोन शब्द बोलायला हवेत, बस्स.

शब्द झटपट पाठ झाले. गाडी अडली ती 'द' आणि 'हेट'वर. डचमध्ये वस्तूच्या नावापुढे या दोघांतला एक लावायचा, आणि कुणाला कुठला याला काही धरबंध नाही. फ्रिज 'द', खिडकी 'हेट'. का? लेक म्हणाली, "पाठ करायचं, बाबा." अरे वा! जन्मभर ऑफिसात साहेबांचे मूड पाठ केले, आता हे. मुलगी हा शब्दसुद्धा 'हेट', म्हणजे आपल्या 'ते'च्या गटातला निघाला. त्यावर आमची मालवणची बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय, आमच्यात पण मुलीला 'ती' नाही, 'ता चेडू'च म्हणतात, 'ता' म्हणजे 'ते'." म्हणजे हिला न शिकताच येतं! माझं डोकंच फिरलं.

मग शक्कल लढवली. देवघरातला करंडा उचलला आणि घरभर फिरलो. 'द'वाल्यांना हळदीचं बोट, 'हेट'वाल्यांना कुंकवाचं. फ्रिज, कपाट, टेबल पिवळे. खिडकी, पलंग लाल. बायको ओरडली, "अहो, मिक्सरला तरी सोडा!" मिक्सर पिवळा झाला.

संध्याकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. आपल्याकडे नवीन वस्तू घरात आली की आधी हळदकुंकू, मग पेढे. "अगंबाई! सगळं एकदम नवीन? आणि पत्ता लागू दिला नाहीत!"

"काकू, जुनंच आहे ते. मी डच शिकतोय."

ऐकतंय कोण! चहा उकळेपर्यंत अख्खा मजला आत. कुणी म्हणे मुलीने पाठवलं, कुणी म्हणे लॉटरी लागली. एकीने फ्रिजला नमस्कार केला. एका गृहस्थांनी आमची गंजकी खिडकी उघडझाप करून सांगितलं, "आधीच्यापेक्षा भारी आहे." शेवटी बायकोने मुकाट्याने प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. माझ्याशी मात्र दोन दिवस धड बोलली नाही.

गणपतीसाठी घर धुऊनपुसून लख्ख झालं. खुणा गेल्या, पण तोवर मला सगळं पाठ. नात आली. मी घोटून ठेवलेलं वाक्य टाकलं, एकही चूक नाही. तिने मान हलवली आणि टॅब घेऊन कोपऱ्यात बसली. मग फ्रिज, पलंग, खिडकी, सगळं बिनचूक म्हणून दाखवलं. पुन्हा मान हलली, डोळे टॅबवरच. एवढी घोकंपट्टी केली ती कशासाठी? हताश होऊन खुर्चीत बसलो. खुर्चीला ते लोक 'स्टूल' म्हणतात. तोंडातून गेलं, "हेट स्टूल."

टॅब खाली. "द स्टूल, ओपा! द!" अशी खिदळली की बायको मोदक टाकून बाहेर आली. मग माझं बोट धरून घरभर शिकवणी. मी चुकलो की ती कपाळावर हात मारायची, आणि मी चुकतच गेलो.

आता रविवारी फोन लागतो तेव्हा ती सोफ्यावर तयार बसलेली असते. लेक वैतागते, "बाबा, इतके महिने झाले, अजून खुर्ची चुकते तुमची?"

"वय झालं गं," मी म्हणतो.

सगळं येतं मला. पण पास झालो तर ती उठून जाईल. म्हणून शनिवारी बसून मी चुका पाठ करतो.