खाणवाडीतला ण

यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शमीमचाचीवर अन्याय झाला. झेंड्याखालची रांगोळीसुद्धा अजून पुसली नव्हती. चाची उठली आणि म्हणाली, नवी पाइपलाइन आमच्या वाडीपर्यंत आणा. उपसरपंचांनी उत्तर म्हणून एक जाडजूड पुस्तक वर धरलं.

"चाची, ह्यात छापून आलंय. तुमची खानवाडी. खानाच्या फौजेतली मानसं तुमी, बाहेरून आलेली. आधी मूळ गावकऱ्यांचं होऊ द्या."

चाची खाली बसली. सभा पुढच्या विषयावर गेली. हे उपसरपंच म्हणजे माझे सख्खे चुलते, नाना.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते, त्यावर माझं चालतं. शिवाय पीएच.डी.च्या खटपटीत होते. त्यासाठी आधी एका समितीसमोर विषय मांडावा लागतो. समितीनं मान्य केला तर पुढं, नाहीतर घरी. आणि समितीचे अध्यक्ष कोण, तर त्याच पुस्तकाचे लेखक. जिल्ह्याच्या इतिहासात मोठं नाव. आमच्याकडे नुसतं 'सर' म्हटलं तरी तेच.

सभेवरून घरी येऊन पुस्तकातलं वाडीचं पान काढलं. वाडीबद्दलचा सरांचा सगळा डोलारा एका तळटिपेवर उभा. तळटीप म्हणजे पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, लेखकानं सांगायचं की हे मला कशावरून कळलं. तिथं होतं: स्थानिक उच्चार 'खानवाडी', यावरून खान. बस, एवढंच. मी ते मोठ्यांदा वाचलं आणि ताडकन उठले. अहो, आमच्या तोंडात ण आहेच कुठं? आम्ही पानी पितो, लोनी खातो, दारात कोन आलं विचारतो. दगडाच्या खाणीला आम्ही खानच म्हणतो. आणि खाण वाडीच्या मागंच आहे. वाडी दगड फोडणाऱ्यांची. निम्मी घरं मुसलमानांची, म्हणून सरांना खान चटकन सुचला असणार.

मला जास्त संताप कशाचा आला सांगू? मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना हेच सर पाहुणे म्हणून शिकवायला आले होते. मी 'पानी' म्हणाले, तर उभं करून, सगळ्या वर्गासमोर 'पाणी' म्हणायला लावलं. वर्ग हसला. म्हणजे आमच्या तोंडात ण चा न होतो, हे सरांना माहीत होतं.

लगेच पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'सरांनी वाडीचं मूळ चोरलं'. ज्या मॅडम माझ्या गाइड होणार होत्या त्यांनी लाल पेनानं मथळाच उडवला.

"हा आरोप झाला. मला आक्षेप आणून दे."

फरक त्यांनी सांगितला. सर काय म्हणतात ते लिही. कशावरून म्हणतात ते लिही. आणि त्यावरून तसं का निघत नाही, ते दाखव. विशेषणं घरी ठेव. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग कामाला लागले.

पुस्तकासाठी सर गावात आले तेव्हा आमच्याच ओट्यावर चहा घेऊन, नानांशी बोलून गेले होते. वाडीत गेलेच नाहीत. म्हणजे पुरावा म्हणून नानांचंच तोंड वापरलेलं. मीही तेच गाठलं. रेकॉर्ड करतेय, समितीला ऐकवणार आहे, असं सांगून मोबाईल पुढ्यात ठेवला. नाना खूश. विचारलं, आपल्या घराचा दगड कुठला?

"आपल्या खानीतला. वाडीच्या मागली ती खान. तिथल्याच लोकांनी फोडलेला."

"मग वाडीला खानवाडी का म्हणतात, नाना?"

"म्हंजी आता..." नानांनी मोबाईलकडे बोट केलं. "बंद कर ते."

"ऐकवू ना?"

"ऐकव. म्या काय चोरी केली का?"

समितीसमोर मी विषय मांडला, गावांची नावं आणि आमची बोली. पहिलं उदाहरण सरांचं पान. सरांनी चष्मा काढला.

"तुझा विषय अजून मंजूर व्हायचाय, लक्षात आहे ना?"

"आहे, सर. पण वाडीचं पाणी त्याच्याआधी अडलंय."

मी मोबाईलचं बटण दाबलं. नाना बोलले. 'बंद कर ते'ला समितीतले एकजण फिस्सकन हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "परत लाव." परत लावलं.

"ही खाण नेमकी कुठंय?"

"तुम्ही चहा घेतला त्या ओट्यावरून दिसते, सर. आणि 'पाणी' म्हणायला मला तुम्हीच शिकवलंत."

सरांनी चष्मा परत चढवला आणि म्हणाले, "ही शक्यता नाकारता येत नाही." बाहेर आल्यावर मॅडमनी अर्थ सांगितला. विद्वानांच्या भाषेत याला 'चुकलो' म्हणतात.

माझा विषय 'भाषा सौम्य करून पुन्हा मांडावा' या शेऱ्यासह परत आला. पुन्हा मांडलाय. विशेषणं काढलीत, सरांचं पान तसंच ठेवलंय. १ मेच्या ग्रामसभेत पाइपलाइनचा ठराव नानांनी स्वतःच मांडला. पुस्तक आणलं नव्हतं. मी धावत जाऊन चाचीला सांगितलं, न नव्हताच चाची, ण होता.

चाची भाकरी थापत होती. "आन खानाची असते तं मला तहान लागली नसती व्हय गं?"

हे वाक्य मी तळटीप म्हणून वहीत उतरवलं.

सरांची नवी आवृत्ती येईल तेव्हा येईल. जुनी गावोगावच्या वाचनालयांत आहे, कदाचित तुमच्याही कपाटात. ते पान काढा. 'खान'मधला न खोडा आणि ण लिहा. वाचनालयाची प्रत असेल तर पेन्सिलीनं. पण आजच लिहा.