विल्नियसच्या वेशीवर आईचे बूट

साखरेच्या आजारापायी आईच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली, तेव्हापासून डॉक्टरांचा एकच हुकूम होता. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरात नाही, न्हाणीत नाही आणि देवळात तर मुळीच नाही. "पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, पाय काढावा लागेल," असं त्यांनी अमरावतीच्या दवाखान्यात आईसमोरच सांगितलं. त्याच आठवड्यात मी तिला अकोल्याला माझ्याकडे घेऊन आले. मी शाळेत भूगोल शिकवते, एकटी राहते आणि डोक्यानं गरम आहे. रोज संध्याकाळी तिला खुर्चीत बसवायचं, मोबाईलचा टॉर्च लावून तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्या पाहायच्या. तिच्या पायांची जाणीव कमी झाली होती, जखम झाली तर तिला कळेलच असा भरवसा नव्हता. म्हणून ते काम माझ्या डोळ्यांकडे होतं.

तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी अमरावतीला जायचो. रिक्षा जुन्या तटाच्या वेशीजवळ, अंबागेटजवळ आली की आई आतूनच हात जोडायची आणि मान फिरवायची. अख्खं आयुष्य तिनं त्या तटाच्या, परकोटाच्या आत काढलं, मंगळवार-शुक्रवारी अंबादेवी कधी चुकवली नाही. आता चपला घालून देवीपुढे जाता येत नाही आणि काढायची परवानगी नाही, म्हणून ती जातच नव्हती. एकदा मी म्हटलं, चाकाच्या खुर्चीतून नेते. "लोकं पाह्यतीन नं वं," एवढं बोलून तिनं विषय संपवला. तिला सवय झाली असेल, असं मी धरून चालले.

मला बाल्टिक पाहायचा होता. पंचवीस वर्षं भिंतीवरच्या नकाशात त्या समुद्रावर पट्टी ठेवून मी पोरांना राजधान्या पाठ करायला लावल्या आणि स्वतः नागपूरच्या पुढे फारशी गेले नाही. एका सहल कंपनीची जाहिरात आली, तीन देश, तीन जुन्या राजधान्या, नऊ दिवस. त्या रात्री मला झोप लागली नाही. भाऊ म्हणाला, आईला तेवढे दिवस माझ्याकडे ठेव. आई ऐकेना. "सुनेले रोज माये पाय पाह्याले लावू काय? न्यायचं असन तं संगं ने, नाई तं तूबी राह्य."

डॉक्टर म्हणाले, पायांना किती कळतं त्यावर ठरवू. त्यांनी आईला पलंगावर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या जाड दोऱ्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवू लागले. लागलं की 'हो' म्हणायचं. मी तिचा हात हातात घेऊन शेजारी बसले होते. दहापैकी आठ वेळा ती बरोबर 'हो' म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "जा, पण बूट काढायचे नाहीत." भावानं फोनवर बजावलं, "पायाले काई झालं तं जबाबदार तू." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या राजधानीत, विल्नियसला होतो. एप्रिल होता, बर्फ वितळून गेला होता. पण हिवाळ्यात कुणी घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली बारीक खडी अजून दगडांच्या सांध्यांत पडलेली होती. मी सारखी तीच पाहत चालले होते. काळे, मऊ, पट्ट्याचे बूट आईच्या पायात होते, तरी माझा जीव त्या खडीत अडकलेला. बाकीचे लोक मनोरे पाहत होते, मी जमीन पाहत होते.

दुपारी आमची वाटाडी बाई म्हणाली, आता तास-दीड तास मोकळे फिरा, साडेतीनला बसपाशी या. गल्लीच्या टोकाला जुन्या तटाची शिल्लक राहिलेली एकच वेस होती, आणि वेशीच्या माथ्यावर खिडकीत सोनेरी कपड्यातली मरियम, येशूची आई. खालून जाणारे लोक थांबत, पुरुष टोपी काढत, मग पुढे जात. आई एकदम थांबली.

"हे तं वेशीवरची देवी हाय वं. आपल्या अंबागेटवानी."

"वर जाता येते म्हन्तात. बूट घालून जाता येते इथं," मी म्हटलं. खरं तर मला ते सांगताना आनंद झाला होता. वर्षभरात पहिल्यांदा तिला कुठल्या तरी देवापुढे उभं राहता येणार होतं.

"त्यायले चालत असन," ती म्हणाली.

त्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मला वेशीचा बाहेरच्या बाजूचा फोटो हवा होता. तिला दाराशेजारच्या ओट्यावर बसवलं, पाच मिनिटं हलू नको म्हणून दटावलं आणि कमानीतून पलीकडे गेले. पाच मिनिटांची दहा झाली असतील. परत आले तर ओटा रिकामा, आणि वर जाणाऱ्या जिन्याच्या दाराशी भिंतीला टोकं लावून नीट जोडीनं ठेवलेले काळे बूट. मोजे घडी करून आत खोचलेले. देवळाबाहेर ठेवतात तसे.

बूट काखेत मारून मी जिना चढायला लागले. चार पायऱ्यांवर एक म्हातारी बाई गुडघ्यांवर चढत होती, एक पायरी, मग प्रार्थना, मग दुसरी पायरी. जिना अरुंद. तिला ओलांडून जाणं मला कुठल्याच देवाच्या दारात जमलं नसतं, आणि थांबणंही जमत नव्हतं. मी मनात त्या म्हातारीला नाही नाही ते बोलले. ती थांबली की मी थांबायचे आणि पायऱ्या पाहायचे. सहाव्या पायरीवर पैशाएवढा ओला डाग होता. पुढच्या पायरीवर तसाच. मी बोट लावून पाहिलं, रक्तच होतं.

वर छोटीशी खोली, माणसं गच्च, आवाज कुणाचाच नाही. भिंती नवसाला वाहिलेल्या चांदीच्या वस्तूंनी मढवलेल्या, बहुतेक काळजं, मध्येच हात, मध्येच पाय. आई पुढे उभी होती, स्वेटरवरून पदर डोक्यावर घेतलेला, हात जोडलेले. मी लोकांतून वाट काढत गेले आणि तिच्या पायाशी खाली बसले.

"पाय वर कर."

"काहून?"

"रक्त येऊन राह्यलं, आई!" माझा आवाज चढला, माणसं वळून पाहू लागली. मी तिचा पाय मांडीवर घेतला. बर्फासारखा गार. कुणाच्या तरी बुटाबरोबर जिन्यावर आलेली हरभऱ्याएवढी टोकदार खडी टाचेत रुतून बसली होती. मी नखांनी ती ओढून काढली. आई देवीकडेच पाहत होती. तिचा पाय हललाही नाही.

"दुखलं नाई तुले?"

"नाई वं." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाली, "मले वाटलं, फरशी थंडगार असन, तेवढं तरी समजन. काईच समजलं नाई. घोट्यापरेंत काईच नाई."

"मंग डॉक्टरकडं बरोबर हो कशी म्हनत होती?"

"ते मी तुया हातावरून म्हनत होती. त्यायनं दोरा लावला का तू माया हात दाबत होती."

गुडघ्यांवर आलेल्या त्या म्हातारीनं मागून इस्त्रीचा पांढरा रुमाल पुढे केला. मी तो घेतला, पर्समधलं जखमेचं औषध लावलं, रुमाल बांधला, मोजा चढवला, बूट घातले. हात चालू होते आणि तोंडानं मी म्हणत होते, मले ठाऊक नोतं, आई, खरंच ठाऊक नोतं.

ते खोटं होतं. पहिल्या दोनदा ठाऊक नव्हतं. दोरा टेकला की माझा हात आपोआप आवळला जात होता. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की माझा हात आवळला की मग ती 'हो' म्हणते. तेव्हाच मी हात सोडवून घ्यायला हवा होता. मी तो आणखी घट्ट धरला, कारण मला नकाशातला तो समुद्र पाहायचा होता.

आम्ही बसपाशी वेळेत पोचलो. पुढच्या दोन राजधान्या मी पाहिल्या असं फोटोंवरून म्हणता येईल. मला आठवतात ती हॉटेलांची न्हाणीघरं, टबाच्या कडेला ठेवलेला आईचा पाय आणि टॉर्चच्या उजेडातली टाच. कडा लाल झाल्या का, वास येतो का, अंगात ताप आहे का. डॉक्टरांना फोटो पाठवायचे, त्यांनी सांगितलेल्या गोळ्या द्यायच्या आणि भावाचा फोन आला की सगळं छान आहे म्हणायचं. आईवर मी एकदाच ओरडले, "तुया देवीपायी पाय जाईन!" ती शांतपणे म्हणाली, "देवीपायी काहून? देवीनं तं मले खरं सांगू देल्लं." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी अमरावती गाठली. डॉक्टरांनी जखम धुतली, नीट पाहिली आणि म्हणाले, "महिनाभर लागेल, पण भरेल." मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं आणि मग ड्रॉवरमधून तो दोरा काढला.

आईनं डोळे मिटले. तिचा हात सवयीनं माझ्याकडे सरकला. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तिचा हात पलंगाच्या कडेवर तसाच उघडा राहिला.

डॉक्टरांनी अंगठ्याला दोरा टेकवला. आई गप्प. तळव्याच्या मध्यभागी टेकवला, मग टाचेच्या शाबूत भागाला. आई गप्प. मग त्यांनी दोरा टेबलावर ठेवला आणि ते लिहायला वळले, तेव्हा ती घाईनं म्हणाली, "हो."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मागच्या वेळी तर अगदी बरोबर सांगत होत्या."

"मागच्या वेळी मी सांगत होते," मी म्हणाले.

मग मी मांडीखालून हात काढला आणि तिचा हात धरला. आता धरायला हरकत नव्हती.