मार्क कमी पाडायचं ध्येय

मागच्या महिन्यात एका शनिवारी रत्नागिरीजवळच्या एका हायस्कुलात मी अशी काही हादरले, की परत येताना स्कूटी कुठल्या रस्त्याने आणली तेसुद्धा आठवत नाही.

मी काही शिक्षिका नाही. नोकरी सांभाळून शनिवारी दहावीच्या मुलांशी बोलायला जाते... ध्येय कसं ठरवायचं, अभ्यासाचं वेळापत्रक कसं करायचं, परीक्षेची भीती कशी घालवायची. मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे माझ्या घरचे छातीठोक सांगतील.

वर्गात सानिका नावाची मुलगी आहे. (नाव बदललंय.) सहामाहीत पहिली आलेली, आणि आता सराव परीक्षांमध्ये सारखी घसरत चाललेली. गणिताचे सर अगदी रडकुंडीला आले होते. "मॅडम, येत असलेली गणितं सोडून देते हो! तुम्हीच बघा जरा तिच्याकडे."

मला वाटलं, मोबाइल असेल. किंवा तब्येत. किंवा ते वय असतं तसलं काहीतरी... मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठलं आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. मोठी स्वप्नं बघ, स्वतःवर विश्वास ठेव, वगैरे वगैरे.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, माझं ध्येय ठरलेलं हाय. पास व्हायचं, पण जास्त मार्क पाडायचे नाय."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिचे डोळे भरून आले होते.

"जास्त पडले तर मला मुंबईला काकांकडे धाडणार. ताईला तसंच धाडलं. आता ती गणपतीला येते नि पाव्हण्यासारखी बसते. मला नाय जायचं. मला हितंच रत्नागिरीत सायन्स करायचंय. सकाळची एसटी हाय."

मी दर शनिवारी घसा कोरडा करून जे बक्षीस म्हणून सांगत होते, ते या पोरीला शिक्षा वाटत होतं. आणि त्यातून सुटायला ती पेपरात स्वतःला येत असलेली गणितं मुद्दाम कोरी ठेवत होती... दहावीच्या वर्षी!

"घरी बोललीस का?" मी विचारलं. तर मान खाली. काकांनी आपणहून बोलावलंय, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. बाबा-काकांमध्ये उगाच कडवटपणा येईल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने एवढा सगळा विचार एकटीने केला होता.

तिच्या परवानगीने संध्याकाळी तिच्या घरी गेले. बाबा बोटीवर खलाशी, त्या दिवशी नेमके घरी होते. आई कोकम सरबत घेऊन आली. मी जरा घाबरतच विषय काढला... आपण कोण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारे!

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, पोरीला लांब धाडायला आम्हाला तरी बरं वाटतंय काय? पण माझा भाव एवढ्या मायेनं म्हणतो, त्याचं मन कसं मोडायचं?" आईने पदर डोळ्याला लावला. म्हणजे यांनाही नको होतं!

एवढ्यात सानिकानेच काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट म्हणाली, "काका, रागावू नका. मला नाय यायचं मुंबईला."

आईने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, लागली आग दोन घरांत माझ्यामुळे.

आणि मग फोनवर काकांच्या मागून काकूंचा आवाज आला. "देवा, पावलास रे बाबा!"

आम्ही सगळे फोनकडे बघतच राहिलो. काकू धडाधड बोलत सुटल्या. "भावोजी, रागवू नका हां. एका खोलीत आम्ही पाच माणसं. तुमची मोठी पोर बिचारी जिन्यात बसून अभ्यास करते. पण तुम्ही मुलीचे मार्क सांगत होतात, म्हटलं आपण 'पाठवा' बोललो नाय, तर तुम्हाला काय वाटेल!"

यांनी त्यांच्यासाठी हो म्हटलेलं. त्यांनी यांच्यासाठी. कुणालाच नको असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून पक्की केली होती, आणि त्यापायी एक हुशार मुलगी दहावीचं वर्ष वाया घालवत होती. बाबा जोरात हसायला लागले. ताई मात्र जिन्यात बसून अभ्यास करते हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं... हसता हसता ते थांबले ते थांबलेच. मग हळूच सानिकाला म्हणाले, "तुला नक्की नाय जायचं ना? मग ताईला पण विचारू."

पुढच्या शनिवारी वर्गात मी भाषण केलं नाही. फक्त विचारलं, "चांगले मार्क पडले तर घर सोडून जायचं, असं कुणाकुणाच्या घरी ठरलंय किंवा ठरलं होतं?" जवळजवळ अख्ख्या वर्गाचे हात वर. मुलगे, मुली, सगळे.

मग म्हटलं, "तुला जायचंय का, असं ज्यांना घरात कुणी विचारलंय, त्यांनी फक्त हात वर ठेवा."

हात खाली यायला लागले. एकापाठोपाठ एक... मी बघत होते. काही मुलांना मुंबई हवीच असेल, असेलही. पण विचारलं जवळजवळ कुणालाच नव्हतं.

शेवटी एकच हात वर राहिला. सानिकाचा. आणि बाकीची सगळी पोरं वळून तिच्याकडे अशी बघत होती, की जणू हे असं विचारतात हेच त्यांना माहीत नव्हतं.